कार्टला हात लावला म्हणून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या दुकानांत चोराला अडवणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच कामावरून काढतात ही बातमी तुम्ही छापलीत, वर 'चोर सोडून संन्याशाला फाशी' असं हेडिंग, आणि मग आठवडाभर त्यावर वाचकांची पत्रं. मी तुमचा ई-पेपर रोज वाचते, पत्र मात्र कधी पाठवलं नाही, दोनदा लिहायला घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. यावेळी पाठवतेय कारण मी इथे अमेरिकेत एका मोठ्या चेनच्या स्टोअरमध्ये अकरा वर्षं फ्लोअरवर काम करतेय आणि असाच ज्या पोराला काढलं त्याच्या फायलीत माझ्या सहीचा कागद आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, सोमवारी मला तिथेच कामावर जायचंय.

तुमच्या पत्रलेखकांच्या दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते कंपन्या नेभळट झाल्या, चोरांना मोकळं रान दिलं, जो धावला त्याचा सत्कार करायचा सोडून त्याला घरी बसवलं. दुसरी म्हणते मालासाठी कशाला जीव घालायचा, कंपनीचं बरोबरच आहे, नियम मोडला तर भोगा. मला दोन्ही पत्रं वाचताना हेच वाटत होतं की यातला एकही माणूस कधी त्या दारापाशी उभा राहिलेला नाही.

आधी ते दार कसं असतं ते सांगते. लोकांना वाटतं चोर म्हणजे जॅकेटमध्ये काहीतरी लपवून घाबरत घाबरत निघालेला माणूस. तसेही असतात, पण ज्याच्यावरून नोकऱ्या जातात त्या प्रकाराला आम्ही पुशआउट म्हणतो. माणूस आरामात येतो, कार्ट घेतो, डिटर्जंटचे मोठे डबे नाहीतर ड्रिल मशीन असं पटकन विकलं जाणारं सामान भरतो आणि रजिस्टरकडे, म्हणजे पैसे भरायच्या काउंटरकडे, न वळता सरळ दारातून ढकलत बाहेर. पळत नाही. दारावरचा अलार्म वाजतो पण तो दिवसभर वाजतच असतो, कॅशियर टॅग काढायला विसरली की वाजतो, त्यामुळे कोणी मानसुद्धा वर करत नाही. आणि तुम्ही दहा फुटांवर हातात प्राइस गन घेऊन उभ्या. तुम्हाला कळलेलं असतं. त्यालाही कळलेलं असतं की तुम्हाला कळलंय.

अशा वेळी पॉलिसी काय म्हणते? हात लावायचा नाही, वाट अडवायची नाही, आरडाओरडा करायचा नाही, दाराबाहेर मागे जायचं नाही. फक्त हसून विचारायचं, काही शोधताय का, मदत करू का. याला आमच्याकडे कस्टमर सर्व्हिस म्हणतात आणि खरं सांगते, लपवून नेणाऱ्यावर हे चालतं, आपल्याकडे कोणीतरी बघतंय म्हटल्यावर निम्मे जण वस्तू ठेवून निघून जातात. कार्टवाल्यावर नाही चालत. तो उलट थँक यू म्हणतो. मग कपडे, उंची, गाडी कुठल्या दिशेला गेली ते लक्षात ठेवायचं, मॅनेजरला सांगायचं, रिपोर्ट भरायचा.

पकडायचं काम असतं लॉस प्रिव्हेन्शनवाल्यांचं, म्हणजे चोरी रोखायला वेगळी नेमलेली माणसं, आणि तेही जिथे कंपनीने परवानगी दिलीय तिथेच. त्यांना पायऱ्या पाठ असतात. माणूस मालापाशी आला ते बघायचं, त्याने तो उचलला ते बघायचं, लपवला किंवा घेऊन निघाला ते बघायचं, नजर एक सेकंदही हलू द्यायची नाही, पैसे न देता पुढे गेला याची खात्री करायची आणि तो बाहेर पडल्यावरच बोलायचं. मध्ये नजर सुटली तर विषय बंद, जाऊ द्यायचं, कारण तेवढ्यात त्याने वस्तू परत शेल्फवर ठेवली असेल तर तुम्ही निर्दोष माणसाला धरलंत. इथे शॉपकीपर्स प्रिव्हिलेज म्हणून कायदा आहे, दुकानदाराला सबळ संशय असेल तर वाजवी वेळ आणि वाजवी पद्धतीने माणसाला थांबवता येतं. पण वाजवी म्हणजे काय ते नंतर कोर्ट ठरवतं, आणि चुकलात तर बेकायदा डांबून ठेवल्याचा दावा. शिवाय चुकीचा संशय कोणावर येतो हेही बघा. मी नवीन असताना एका दुकानात तिथला एक माणूस तीन रांगा माझ्या मागे मागे फिरत होता, मी टॉवेल बघत होते. माझा रंग, माझा ड्रेस, आणि काय. म्हणून फ्लोअरवरच्या प्रत्येकाला 'तुम्ही पण पकडा' म्हणून मोकळं सोडलं तर काय होईल याची मला तरी कल्पना आहे.

आणि जिवाचं म्हणाल तर एप्रिल २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात प्लेझंटन इथल्या होम डेपो या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात लॉस प्रिव्हेन्शनचं काम करणारा २६ वर्षांचा मुलगा गोळी लागून गेला. चोरी कशाची, तर एका चार्जरची. त्याच्या आधी ऑक्टोबर २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात हिल्सबरोच्या होम डेपोत, तिथे काम करणारे ऐंशी ओलांडलेले गृहस्थ प्रेशर वॉशर घेऊन निघालेल्या माणसाच्या समोर गेले, त्याने ढकललं, ते पडले आणि काही आठवड्यांनी हॉस्पिटलमध्ये वारले. ही दोन नावं आमच्या ब्रेकरूममध्ये सगळ्यांना माहीत आहेत. तुमच्या एका वाचकाने लिहिलंय की धाडस दाखवणाऱ्यांना कंपनीने बक्षीस द्यावं. अहो, बक्षीस जाहीर झालं की दुसऱ्या दिवसापासून तासाला ठराविक डॉलरवर काम करणारी अठरा वर्षांची पोरं बक्षिसासाठी दारात उभी राहतील. त्यातलं एखादं मेलं की तुम्हीच अग्रलेख लिहाल.

तेव्हा पॉलिसी बरोबर आहे. अकरा वर्षांत माझं हे मत एकदाही बदललं नाही.

आता कामावरून काढण्याचं बघू, कारण गोची तिथे आहे आणि दुसऱ्या पार्टीला ती दिसत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात लागोपाठ तीन गोष्टी गाजल्या. जॉर्जियात लुलुलेमनच्या दुकानात तोंड झाकलेले लोक शिरले, हाताला लागेल तेवढे कपडे उचलून पळाले, तिथल्या दोन बायका त्यांच्यावर ओरडल्या, दारापर्यंत गेल्या, पोलिसांना फोन केला, दोघींची नोकरी गेली. कंपनीच्या सीईओने टीव्हीवर सांगितलं की पोलिसांना फोन केला म्हणून नाही काढलं, मागे बाहेर गेल्या म्हणून काढलं, आमचं धोरण झिरो टॉलरन्स आहे, शेवटी तो नुसता माल आहे. कोलोरॅडोत किंग सूपर्स या सुपरमार्केटमध्ये तिघं जण डिटर्जंट घेऊन गाडीत बसले, नंबर प्लेटवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवलेली, तिथल्या कामगाराने फोनवर शूटिंग करत ती फॉइल ओढून काढली. त्याचीही नोकरी गेली. आणि जॉर्जियातच रिंकनला लोव्ज या हार्डवेअरच्या दुकानात ६८ वर्षांच्या, तेरा वर्षं तिथेच काम करणाऱ्या बाईंनी जाणाऱ्या कार्टला हात घातला, त्या माणसाने त्यांच्या तोंडावर ठोसे मारले, डोळा काळानिळा, आणि वर नोकरीवरून कमी. पेपरात आलं, लोक भडकले, मग वरच्या साहेबांच्या लक्षात आलं आणि बाईंना परत घेतलं.

आता ही तिसरी केस नीट बघा. परत घेतलं म्हणजे काय, तर घेता येत होतं. पॉलिसी तीच, बाई त्याच, कार्टही तेच, फक्त मधे बातमी आली. झिरो टॉलरन्स हा दगडावरची रेघ असल्यासारखा शब्द आहे पण ती रेघ पुसता येते, पेपरात फोटो छापून आला की. ज्यांचा फोटो येत नाही त्यांचं काय?

का काढतात हे मला एका जुन्या मॅनेजरने सांगितलं, तो नोकरी सोडून निघाला होता त्यामुळे मोकळेपणाने बोलला. तो म्हणाला हे शिक्षा म्हणून नसतंच, हे वकिलासाठी असतं. उद्या कोणी जखमी झालं आणि कोर्टात गेलं तर समोरचा वकील विचारणार, तुमची पॉलिसी होती ना, मग गेल्या वर्षी अमक्याने मोडली तेव्हा काय केलंत? पाठ थोपटली? मग ती पॉलिसी कागदावरच होती की. म्हणून प्रत्येक वेळी काढायचं, म्हणजे फाइल स्वच्छ राहते. इथे बहुतेक सगळ्या राज्यांत नोकरी अ‍ॅट-विल असते, एक मोंटाना सोडलं तर, म्हणजे कारण न देताही मालक काढू शकतो, फक्त कायद्याने मनाई केलेल्या कारणासाठी नाही. तर काढायला कंपनीला काही लागत नाही, न काढायला मात्र हिंमत लागते. हे ऐकल्यावर मला राग नाही आला, उलट इतकी वर्षं न जुळलेला हिशोब जुळला.

पण मग मला त्याच कंपनीला विचारायचंय, की माल नुसता माल आहे तर आमच्या ब्रेकरूमच्या भिंतीवर श्रिंकचा तक्ता कशाला लावलाय? श्रिंक म्हणजे हिशोबात असलेला पण दुकानात नसलेला माल. दर मीटिंगला तो आकडा वाचून दाखवतात, कुठल्या सेक्शनचा किती वाढला, आणि बघतात त्या सेक्शनवाल्याकडे. सकाळी साडेआठला सांगायचं हे आकडे खाली आणा, आणि दुपारी साडेतीनला कार्ट समोरून चाललं की सांगायचं हसून मदत करू का विचारा. माणसाचं डोकं काही बटणावर चालत नाही. त्यात स्टाफचे तास कापलेले, एवढ्या मोठ्या फ्लोअरवर संध्याकाळी आम्ही तिघं, सेल्फ चेकआउटला सहा मशीनवर एक मुलगी. चोर काही मूर्ख नसतो, तो माणसं मोजूनच आत येतो.

आणि त्या श्रिंकमध्ये सगळा चोरांचाच हात असतो असंही नाही. नॅशनल रिटेल फेडरेशन ही त्यांचीच संघटना, तिच्या सर्व्हेप्रमाणे २०२२ मध्ये श्रिंक विक्रीच्या सरासरी १.६ टक्के होतं, त्यात बाहेरच्यांची चोरी ३६ टक्के, कर्मचाऱ्यांची चोरी २९ टक्के, बाकीचा मोठा भाग नोंदींच्या आणि मोजणीच्या चुका. याच संघटनेने आधी छापलं होतं की देशातल्या जवळजवळ निम्म्या श्रिंकला संघटित टोळ्या जबाबदार आहेत, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते वाक्य मागे घ्यावं लागलं, कारण आकडाच चुकीचा निघाला. वॉलग्रीन्स या औषधदुकानांच्या चेनच्या फायनान्सप्रमुखांनी तर जानेवारी २०२३ मध्ये कबूलच केलं की आम्ही गेल्या वर्षी चोरीबद्दल जरा जास्तच रडलो बहुतेक. म्हणजे वरच्यांनी ओरड जास्त केली तर तो अंदाज चुकला, आणि खालचा त्या ओरडीने पेटून कार्टला हात लावतो तर तो मिसकंडक्ट.

एका वाचकाने लिहिलंय माल इन्शुअर्ड असतो, कंपनीला काय फरक पडतो. तसं नसतं, रोजच्या असल्या चोरीसाठी कोणी क्लेम करत बसत नाही, तो तोटा धरूनच किमती लावलेल्या असतात. आणखी कोणी लिहिलंय की कॅलिफोर्नियात ९५० डॉलरपर्यंत चोरी माफ आहे. माफ नाही, २०१४ पासून ती लहान गुन्ह्यात मोडते एवढंच, आणि आधी दोनदा शिक्षा झालेल्याने परत केली तर मोठा गुन्हा धरता येईल असं नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी ठरवलंय. टेक्सससारख्या राज्यात, जे म्हणे फार कडक, ही मर्यादा २५०० आहे. ते असो.

कोर्टाने यात काही म्हटलंय का, तर हो, आणि ते तुमच्या बातमीत यायला हवं होतं. २०११ च्या जानेवारीत युटातल्या लेटन गावी वॉलमार्टमध्ये लॅपटॉप चोरणाऱ्याला ऑफिसात आणलं, तिथे त्याने पिस्तूल काढलं आणि एका कर्मचाऱ्याच्या पाठीला लावलं. त्यांनी मिळून पिस्तूल काढून घेतलं आणि पोलीस येईपर्यंत त्याला धरून ठेवलं. चौघांना काढलं, कारण पॉलिसीत लिहिलं होतं की हत्यार दिसलं की बाजूला व्हा. बाजूला कसं व्हायचं, पाठीला नळी टेकलेली असताना? ते आणि त्यांच्यासारखे आणखी काही जण कोर्टात गेले आणि २०१५ मध्ये युटाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जिवावर बेतलंय आणि निघून जायला वाट नाही अशा वेळी स्वतःचा बचाव केला म्हणून माणसाला काढता येणार नाही, अ‍ॅट-विल असला तरी. आता यात कोर्टाने चोर पकडायला परवानगी दिली नाही. वाट असेल तर निघाच, असंच त्यातून निघतं. पण नियम मोडला की गेला, इतकं सोपं नाही एवढं तरी कोणीतरी लिहून ठेवलं. एका राज्यापुरतं.

कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२४ पासून बहुतेक सगळ्या मालकांना कामावरच्या हिंसेसाठी लेखी प्लॅन आणि ट्रेनिंग सक्तीचं केलंय. त्या कायद्याच्या मूळ मसुद्यात अजून एक कलम होतं, सिक्युरिटीत नसलेल्या कामगाराला चोरासमोर जायला मालकाने भाग पाडायचं नाही असं, त्यावर व्यापाऱ्यांनी केवढा गोंधळ घातला आणि शेवटी ते कलम गाळलं. ज्या कंपन्या अडवल्याबद्दल माणसं काढतात त्यांच्याच बिरादरीला 'अडवायला लावू नका' हे कायद्यात नको होतं. मला तर वाचून हसू आलं.

मला काय हवंय? पहिल्यांदा नियम मोडला तर लेखी ताकीद द्या, परत ट्रेनिंगला बसवा, पगारी दोन दिवस घरी बसवा हवं तर. उशिरा येणाऱ्याला आमच्याकडे तीन चान्स मिळतात. रजिस्टरमध्ये वीस डॉलर कमी आले तर दोन. कार्टला हात लावला तर शून्य.

आता त्या पोराचं. तेवीस वर्षांचा, माझ्याच सेक्शनला, कामाला वाघ. एक माणूस महिनाभरात चौथ्यांदा आला होता, आम्ही सगळे त्याला तोंडाने ओळखत होतो. त्या दिवशी तो निघताना या पोराने कार्टच्या पुढच्या कडेला हात ठेवला. दोन सेकंद. म्हणाला, कम ऑन मॅन. त्या माणसाने कार्ट तिथेच सोडलं, दोन शिव्या दिल्या आणि गेला. कोणाला काही लागलं नाही, माल परत मिळाला. मॅनेजरने पाठ थोपटली सुद्धा, खरंच, मी बघितलंय. तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचं फुटेज वर गेलं आणि मला ऑफिसात बोलावून काय दिसलं ते लिहायला सांगितलं. मी लिहिलं, त्याने कार्टला हात लावला. खरंच लावला होता. मला वाटलं खरं लिहिलं तर त्याचं भलंच होईल, माल वाचवला म्हणून. त्याच संध्याकाळी त्याचा बॅज काढून घेतला. तो माणूस दहा दिवसांनी परत आला आणि मी त्याला विचारलं काही शोधताय का.

पोराने बेकारी भत्त्याचा अर्ज केला, कंपनीने मिसकंडक्ट म्हणून विरोध केला, भत्ता नाकारला गेला. तो अपिलात गेला. त्याचं हिअरिंग फोनवर होतं आणि त्याने साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं, माझंच स्टेटमेंट कंपनीच्या बाजूने लागलेलं असताना. मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून फोन घेतला, हात थरथरत होते. हिअरिंगच्या बाईंनी मला पॉलिसी माहीत होती का विचारलं, मी हो म्हटलं. त्याला माहीत होती का? म्हटलं सगळ्यांनाच असते. मग विचारलं ट्रेनिंग कधी झालं होतं आणि कसं. मी सांगितलं, कामावर लागताना ब्रेकरूममधल्या कॉम्प्युटरवर बारा मिनिटांचा व्हिडिओ असतो, त्या कॉम्प्युटरला तेव्हा स्पीकर नव्हता, आम्ही आवाजाशिवाय बघितला आणि शेवटी टिक केलं. पलीकडे थोडा वेळ कोणी काही बोललं नाही, मग कंपनीच्या माणसाला विचारलं हे खरं आहे का, तर तो म्हणाला मला चेक करावं लागेल.

भत्ता मंजूर झाला. नोकरी काही परत मिळाली नाही, त्याचा फोटो कुठे छापून आला नव्हता. ब्रेकरूमच्या कॉम्प्युटरला गेल्या महिन्यात स्पीकर बसवलाय.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)